मोडणावळ

पाकीट वीजबिलाचं, पाठ कोरी.
तिच्यावर मी गुणाकार मांडलाय.

कर्ज एक लाख अठरा हजार पौंड.
दर पाच पॉइंट एकोणऐंशी,
अजून चौदा महिने खुंटीला बांधलेला.
बाहेर चार पॉइंट चौदा
खाजणातल्या मेंढीसारखा मोकळा चरतोय.
फरक महिन्याला एकशे बासष्ट.
चौदा दुणे अठ्ठावीस, आठ मांडले,
हातचे दोन.

हातचे दोन धरून मी खिडकीबाहेर बघत राहते.
पेनक्लॉदच्या खाडीवर अंधार उतरलाय,
ओहोटीचा वास दाराच्या फटीतून आत येतोय.

वाचतील दोन हजार दोनशे अडुसष्ट.
मुदतीआधी करार मोडायचा तर बँकेला दोन टक्के,
दोन हजार तीनशे साठ.
दळायची दळणावळ, धुवायची धुणावळ,
तशी ही मोडणावळ.

"म्हणजे ब्याण्णव पौंड आपल्याच अंगावर,"
ह्यू म्हणतो. मोरीत बसून तो बूट धुतोय,
चाळणीत अडकलेले शिंपल्यांचे कपचे
नखानं काढतोय.
"मग संपलंच की, नेरिस."

संपलं कुठे?
तुला आठवतो तो शरद?
रोज सकाळी दर एक पायरी वर,
आणि प्रोबर्टबाई फोनवर,
की हे पाच वाजेपर्यंतच आहे हं, पाचनंतर मी काही सांगू शकत नाही.
शाळेच्या भटारखान्यामागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून
मी मोबाइलच्या काचेवर सही केली.
अंगठ्याला रस्सा लागलेला.
चांगली शिकलीसवरलेली बाई मी,
अंगठा देऊन मोकळी झाले.
घाबरून बांधलेली गाठ आहे ती, ह्यू,
घर घेतल्याचा आनंद तेव्हा झालाच नाही.

तो बराच वेळ बोलत नाही.
मग म्हणतो, एम्लिनकाकानं एकच गोष्ट शिकवली.
पाणी दिसायची वाट बघायची नाही.
आधी वाळू चमकते, पायाखाली,
ओल्या काचेसारखी.
चमकली की निघायचं,
पोतं अर्धं असलं तरी.

"म्हणजे अर्धं पोतं ही तुझी मोडणावळच,"
मी म्हणते, जरा जिंकल्यासारखी.
"रोज भरतोस, कुरकुर न करता."

"भरतो. पण वाळू चमकतेय का आत्ता?
तुला दिसतेय?"

मला नाही दिसत.
रेडिओवरच्या माणसाला दिसते, सोमवारी.
मंगळवारी दुसऱ्याला दिसत नाही.
मार्चनंतर दंड एकच टक्का होणार,
तेव्हा तो चार पॉइंट चौदा असेल,
की कुंपण ओलांडून गेलेला असेल,
हे प्रोबर्टबाईही सांगणार नाहीत, विचारलं तरी.
त्यांचा आवाज तेवढा गोड असतो.

आम्ही झोपलो. म्हणजे दिवा घालवला.
मी छताकडे बघत मनात भागाकार केला:
ब्याण्णव भागिले चौदा,
महिन्याला साडेसहा पौंड आणि वर थोडे.
एवढ्यात झोप मिळते का कुठे विकत?
त्यानं कूस बदलली, म्हणजे जागाच होता.

पावणेपाचच्या ओहोटीला तो गेला.
ट्रॅक्टरचा आवाज वळणाशी विरला.
चहाचं आधण ठेवताना पाकीट दिसलं.
माझ्या ब्याण्णवखाली पेन्सिलीनं,
त्याच्या त्या जाड, तिरक्या अक्षरात:

चार पोती.
जास्तीची काढतो.
बाईंना फोन कर. मी घरी नसताना कर.

मी पुन्हा पेन घेतलं. सवय.
भाव त्यानं मागच्या हंगामाचा धरलाय.
पाच लागतील.